वाचक विचारतात : दोन टोकं जुळली, मधलं भरू का?

प्रश्न : हापूसच्या बागेची नोंद संगणकावर ठेवतो. एका ओळीत एक कलम, एका स्तंभात एक आठवडा. १ म्हणजे पालवी, २ मोहोर, ३ कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ), ४ सुपारी (सुपारीएवढं फळ). गडी दर आठवड्याला प्रत्येक कलमापाशी पोचत नाही, त्यामुळे मध्ये घरं रिकामी राहतात. दोन्ही बाजूंना एकच आकडा असेल तरच मधली घरं पायथॉनने भरायची आहेत. पांडाज या पायथॉनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतलं एफफिल वापरलं तर सगळंच भरून जातं.
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : एफफिल फक्त डावीकडचा आकडा पुढे ओढतं, पलीकडे काय आहे ते बघत नाही. म्हणून ओळ दोनदा भरा, एकदा एफफिलने डावीकडून आणि एकदा बीफिलने उजवीकडून. दोन्ही तक्त्यांत जिथे आकडा सारखा येईल तेवढाच ठेवा. एक ओळ घेऊ :

मूळ : २ – – २ – ३ – ३ –
डावीकडून : २ २ २ २ २ ३ ३ ३ ३
उजवीकडून : २ २ २ २ ३ ३ ३ ३ –
जुळलेले : २ २ २ २ – ३ ३ ३ –

मोहोर आणि कणी यांच्यामधलं घर रिकामंच राहिलं, शेवटचंही. ते तसंच राहायला हवं. दोन्ही वेळा ॲक्सिस १ (म्हणजे ओळीत आडवं भरा) द्यायला विसरू नका. नाहीतर भरणं वरून खाली होतं आणि एका कलमाचा मोहोर शेजारच्या कलमावर चढतो. फिलना या पांडाजच्याच दुसऱ्या आज्ञेत मेथड देऊन भरायची जुनी रीत २०२३ पासून मोडीत काढायला घेतली आहे. थेट एफफिल आणि बीफिल लिहा.

आधी रिकामी घरं खरोखर रिकामी आहेत का ते तपासा. न पाहिलेल्या कलमापुढे कुणी ० टाकलं असेल, तर पांडाजला तो आकडाच वाटतो. ० च्या जागी नॅन, म्हणजे पांडाजची रिकाम्या घराची खूण, घाला. एखाद्या घरात नुसती स्पेस असली तरी तीच गत. नॅन आले की २ चे २.० दिसू लागतात, त्याने बिघडत काही नाही. खटकत असेल तर शेवटी मोठ्या आयचा इंट६४ हा रिकामी घरं चालणारा पूर्णांकांचा प्रकार द्या.

खरी मेख वेगळीच आहे. डिसेंबरात २, फेब्रुवारीत २, मध्ये सहा आठवडे कोरे, म्हणजे तोच मोहोर टिकला असं नव्हे. पहिला गळून थंडीत पुनर्मोहोरही आला असेल. तेव्हा तीन आठवड्यांपेक्षा मोठी फट भरू नये, हे आमचं मत. इथे एफफिल-बीफिलला लिमिट ३ (सलग तीनच घरं भरा) लावायचा मोह होतो, तो टाळा. चार घरांच्या फटीत डावीकडून पहिली तीन भरतात, उजवीकडून शेवटची तीन, आणि मधली दोन जुळतात! पाचच्या फटीत मधलं एक जुळतं. भरायची नव्हती ती फट अर्धवट भरून बसते.

त्यापेक्षा एकेक घर बघत जाणारा साधा लूप लिहा. ओळीत पुढे जाताना शेवटचा भरलेला आकडा आणि त्याचं स्थान लक्षात ठेवा. पुढचा भरलेला आकडा आला, तो तोच असला आणि मधली घरं तीन किंवा कमी असली, तर भरा. नाहीतर नुसतं पुढे सरका. नवी ओळ सुरू होताना लक्षात ठेवलेलं पुसा, हे हमखास राहून जातं. ५०० कलमं आणि २६ आठवडे म्हणजे १३,००० घरं. लूपला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही.

ज्या आठवड्यात बागेत कुणीच गेलं नाही त्याचाही कोरा स्तंभ हवा. तो गाळला तर चारची फट तीनची दिसते.

प्रश्न : हेच एक्सेलमध्ये, कोडशिवाय?
— वाचक, मालवण

उत्तर : होतं. दुसऱ्या शीटवर असं सूत्र द्या की मूळ घर रिकामं असेल तर याच शीटवरचं डावीकडचं घर घ्यावं, नाहीतर मूळ आकडा. तिसऱ्यावर तेच उजवीकडून. चौथ्यावर दोन्ही जुळले तर आकडा, नाहीतर दोन अवतरणचिन्हांत काहीच नाही. कडेच्या स्तंभाला ओढायला शेजारी नसतो, तिथेही तीच कोरी अवतरणचिन्हं द्या. कोऱ्या घराचा नुसता संदर्भ दिला की एक्सेल ० दाखवतं. फटीची लांबी मात्र अशी मोजली जात नाही, तिला वेगळं शीट लागेल.