सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्याचा पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर: लिनक्स, १२८ जीबी रॅम, शेअर्ड बफर्स (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) ३२ जीबी. ३०० कनेक्शन झाली की मेमरी संपते. रॅम वाढवावी का?

इतक्यात नको, आधी ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) चालू करा. लिनक्स मेमरी ४ केबीच्या पानांत मोजतो, म्हणजे ३२ जीबीची सुमारे ८४ लाख पानं. प्रत्येक पानाच्या नोंदीला ८ बाइट लागतात, आणि पोस्टग्रेस दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस काढत असल्याने ही नोंदवही प्रत्येकाची स्वतंत्र! सगळे बफर हाताळलेल्या एका कनेक्शनमागे ६४ एमबी, ३०० मागे जवळपास १९ जीबी. २ एमबीची पानं घेतलीत तर ३२ जीबीला फक्त १६,३८४ पुरतात. थोडी जास्तच राखून ठेवा. नेमका आकडा १५ पासूनच्या आवृत्त्या स्वतः काढून देतात.

पोस्टग्रेसमधली ह्यूज पेजेसची सेटिंग मात्र ‘ऑन’च करा. मूळची ‘ट्राय’ असते, आणि पानं कमी पडली की ती गुपचूप ४ केबीवर येते. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (लिनक्स स्वतःहून मोठी पानं बनवतो) हा निराळा प्रकार, तो बंदच बरा. सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागेल, तेव्हा कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गाठा.

पण त्याआधी, भर कामाच्या वेळी, मेमइन्फो या लिनक्सच्या मेमरी-अहवालातला ‘पेजटेबल्स’चा, म्हणजे याच नोंदवह्यांचा, आकडा बघा. तो काही शे एमबीच असेल तर दोष इथे नाही. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामांना मिळणारी मेमरी) तपासा.