कॅपाडोशियात खासगी गाइड: घ्या, पण एकाच दिवसासाठी

प्रश्न असा होता: ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलनंतर तीन दिवस कॅपाडोशिया (तुर्कस्तानच्या मध्यभागातला सुळक्यांचा, दगडात कोरलेल्या चर्चांचा प्रदेश), बरोबर सत्तरीपुढचे आई-बाबा, बाबांचा एक गुडघा कुरकुरणारा. अशा वेळी खासगी गाइडचा खर्च करावा की हॉटेलवाले विकतात ती 'रेड टूर' आणि 'ग्रीन टूर', म्हणजे ठरावीक ठिकाणं दाखवणाऱ्या दिवसभराच्या ग्रुप टूर, घ्यावी?

मी तिथे दोनदा गेलेय. पहिल्यांदा नवऱ्याबरोबर, ग्रुप टूरने. दुसऱ्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन, खासगी गाइड करून. दोन्हींचा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ग्रुप टूरचं. मिनीबसमध्ये आम्ही सतरा जण होतो. सकाळी प्रत्येकाला हॉटेलवरून उचलण्यातच तास गेला. मग ग्योरेमे गावाच्या ओपन एअर म्युझियमला (दगडात कोरलेल्या चर्चांचा उघड्यावरचा परिसर) दीड तास, आणि ऑनिक्सच्या दगडाच्या कारखान्यात पाऊण तास! तिथून कुंभाराकडे, जेवण झाल्यावर गालिच्यांच्या दुकानात. गालिचेवाल्याने सफरचंदाचा चहा पाजला, एकेक गालिचा पायाशी उलगडला, आणि आम्ही काही घेत नाही म्हटल्यावर चेहरा असा केला की नवऱ्याला उगीच अपराधी वाटायला लागलं. म्युझियममध्ये मात्र 'कारानलिक किलिसे', म्हणजे अंधारं चर्च, वेळ नाही म्हणून राहिलं. त्याचं तिकीट वेगळं असतं, त्यामुळे ग्रुपवाले बहुतेकदा ते टाळतातच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एकट्या तिचा दोष नाही. स्वस्त टूरचा बराचसा खर्च त्या दुकानांच्या कमिशनमधूनच निघतो.

तेव्हा माझं मत असं. गाइड घ्या, पण तिन्ही दिवस नको, एक दिवस पुरे. आणि तो एक दिवस दऱ्या दाखवण्यात घालवू नका. दऱ्या, सुळके, सूर्यास्त हे डोळे असलेल्या कुणालाही दिसतं, त्याला माणूस कशाला? गाइड लागतो तो दगडाच्या आत. चर्चमधली चित्रं आणि जमिनीखालची शहरं ही दोनच ठिकाणं अशी आहेत की सोबत जाणकार नसेल तर 'छान आहे' म्हणून दहा मिनिटांत बाहेर येतो आपण.

उदाहरण देते. ग्योरेमेच्या म्युझियममध्ये दगडात कोरलेली चर्चं एकमेकांना खेटून आहेत, बरीचशी दहाव्या ते बाराव्या शतकातली. आत गर्दी असते, फोटोला बंदी. आमच्या गाइडने आम्हाला आत नेलंच नाही आधी. बाहेर सावलीत बाकावर बसवलं, वहीत पेनाने घुमटाचा नकाशा काढला, कुठे काय बघायचं ते सांगितलं आणि मग म्हणाली, आता जा. 'एल्माली किलिसे'मध्ये एका जागी रंगीत चित्राचा गिलावा पडलाय. त्या पडलेल्या तुकड्याच्या खाली, थेट दगडावर, गेरूने काढलेलं साधं नक्षीकाम आणि क्रूस दिसतात. म्हणजे आधी कुणीतरी नुसत्या गेरूने चर्च सजवलं, पुढे कुणीतरी त्यावर गिलावा चढवून संत रंगवले. पहिल्या खेपेला मी त्याच भिंतीसमोर उभी होते आणि मला फक्त 'पोपडे निघालेत' एवढंच दिसलं होतं.

कारानलिक किलिसेला एकच लहानशी खिडकी. ऊन आत आलं नाही म्हणून रंग टिकले. चित्रांमधले निळे रंग बघून सासरे बराच वेळ गप्प उभे होते, मग बाहेर येऊन म्हणाले, "अजिंठ्याला आपण टॉर्च मारमारून बघायचो, इथे आपोआप दिसतंय." तुलना मला आवडली, पण एक मोठा फरक आहे. आपली लेणी बेसॉल्टमध्ये, छिन्नीला दाद न देणाऱ्या दगडात. इथला दगड म्हणजे एर्जियेस, हसन दाग वगैरे ज्वालामुखींनी ओकलेली राख, थरावर थर बसून घट्ट झालेली. टफ म्हणतात त्याला. वाटेवर पडलेला एक खडा गाइडने सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत चुरला तर शाळेच्या खडूसारखी भुकटी झाली. घर हवं तर कोरा, कोठार हवं तर कोरा, कबुतरांना खुराडी हवीत तर तीही कोरा, असं हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या का चाललं ते त्या भुकटीवरून कळलं. सुळकेही त्यातूनच झाले. मऊ राखेच्या थरावर कठीण दगडाचा तवा राहिला, त्याच्याखालचं तेवढं पावसापासून वाचलं, आजूबाजूचं वाहून गेलं. तुर्कीत त्यांना 'पेरी बाजासी' म्हणतात. 'पेरी' म्हणजे आपलीच परी, 'बाजा' म्हणजे धुराडं. परीचं धुराडं! हे ऐकल्यावर सासूबाई दिवसभर तुर्कीत आपले शब्द शोधत होत्या: दुक्कान, साबुन, मेयदान, चाय.

म्युझियमच्या तिकिटात 'तोकाली किलिसे' आहे, पण ते फाटकाच्या बाहेर, रस्त्याने थोडं खाली उतरून. लोक बाहेर पडले की सरळ गाडीकडे जातात. तुम्ही जाऊ नका. माझ्या मते त्या परिसरातली सगळ्यात देखणी चित्रं तिथेच आहेत, गर्द निळ्या पार्श्वभूमीवर. तिकीट मात्र फेकून देऊ नका, तिथे परत दाखवावं लागतं.

आता जमिनीखालचं. तुमच्या बाबांच्या गुडघ्याचा खरा प्रश्न इथे आहे. देरिनकुयू (शब्दशः 'खोल विहीर') हे भूमिगत शहर सुमारे 85 मीटर खोल आहे. 1963 साली घराची डागडुजी करताना कुणाची तरी भिंत फुटली आणि मागे खोली सापडली, तिथून हे सगळं उघडकीला आलं. वरच्या दोन मजल्यांत तबेला, द्राक्षं तुडवायची जागा, कमानी छताची लांबट खोली (शाळा होती म्हणतात) असं बरंच आहे. त्याखाली मात्र अरुंद, उभा जिना लागतो. वाकून उतरायचं, समोरून लोक आले की थांबायचं, आणि परत तेवढंच चढायचं. खासगी गाइडचा फायदा नेमका इथे झाला. तिने सासऱ्यांना वरच्या दोन मजल्यांत निवांत फिरवलं, जिन्याच्या तोंडाशी थांबून खाली काय आहे ते सांगितलं आणि त्यांना ड्रायव्हरबरोबर वर चहाला पाठवलं. ग्रुपमध्ये असतो तर ते भिडेखातर खाली उतरले असते आणि पुढचे दोन दिवस हॉटेलात पाय शेकत बसले असते. कायमाक्ली हे दुसरं भूमिगत शहर, तितकं खोल नाही, पण बोळ जास्त बुटके. कंबरदुखीवाल्याला तेही त्रासाचंच. दोन्ही बघायची गरज नाही, एक निवडा.

सासूबाई मात्र खाली आल्या. त्यांचं माहेर सांगलीकडचं, हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, लहानपणी पाहिलेली. आत शिरताच म्हणाल्या, "अगं, हे तर पेव आहे! पण पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, माणूस गुदमरतो. इथे एवढी माणसं आणि जनावरं कशी राहायची?" मी हे गाइडला इंग्रजीत सांगितलं. ती एकदम खूश झाली, आम्हाला दोन वळणं मागे घेऊन गेली आणि एका भोकाशी उभं केलं. वर बघितलं तर खूप उंचावर नाण्याएवढा उजेड. तोंडावर गार वारा येत होता. हवेचं धुराडंच ते. तिथून पुढे ती सासूबाईंशीच बोलत होती, मी नुसती दुभाषी. गोल दगडाचं दार तिने दाखवलं, थेट जात्याच्या पाळीसारखं, मधोमध भोक. आतून ढकलून वाट बंद करायची, बाहेरून उघडता येत नाही. अरबांच्या स्वाऱ्यांच्या काळात लोक इथे लपत, आणि इथल्या ग्रीक ख्रिस्ती लोकांना या जागा अगदी 1923 पर्यंत माहीत होत्या. त्या वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि ते इथून गेले. 'इथे वीस हजार लोक राहायचे' हा आकडा तुम्हाला सर्रास ऐकू येईल. आमची म्हणाली, तो अंदाज आहे, आणि राहायचे म्हणजे संकटापुरते. अशी गाइड मिळाली तर सोडू नका.

तशी मिळवायची कशी? तुर्कस्तानात गाइडला सरकारी परवाना लागतो आणि गळ्यात ओळखपत्र असतं, त्याला ते 'कोकार्त' म्हणतात. बुकिंगच्या आधी परवाना आहे ना हे स्पष्ट विचारा. गाडीवाला 'मीच सगळं दाखवतो' म्हणाला तर तो ड्रायव्हर आहे, गाइड नव्हे. आम्ही मेलमध्ये लिहून घेतलं की दिवसात एकही दुकान, कारखाना, 'डेमो' नको. हे लिहिणं उद्धटपणाचं वाटेल, पण त्यांना सवय आहे आणि चांगले गाइड उलट सुटकेचा श्वास टाकतात. गाडी, ड्रायव्हर, तिकिटं, जेवण यातलं भावात काय काय धरलंय तेही लेखी घ्या. भाव बहुधा माणशी नसतो, अख्ख्या गाडीचा असतो. त्यामुळे चौघांत भागला की ग्रुप टूरच्या मानाने वाटतो तेवढा महाग पडत नाही. आकडा मुद्दाम देत नाही, तिथे भाव फार भराभर बदलतात.

आणखी एक माझी खासगी चाचणी. गाइडला विचारायचं, कॅपाडोशिया नावाचा अर्थ काय? 'सुंदर घोड्यांचा देश' हे उत्तर प्रत्येक माहितीपत्रकावर असतं, भाषेचे अभ्यासक मात्र ते फारसं मानत नाहीत. जो म्हणेल 'असं म्हणतात, पण...' त्याला नेमा.

'ग्रीन टूर'मधली इहलारा दरी सुंदर आहे, मेलेंदिझ नदीच्या काठाने चालायचं. पण मुख्य दरवाज्यातून उतरायला जवळजवळ चारशे पायऱ्या आहेत. आई-बाबांना हौस असेल तर गाडी बेलिसिर्मा गावाकडून न्यायला सांगा, तिथे गाडी थेट नदीपर्यंत जाते आणि पाण्यावर मांडलेल्या फळ्यांवर बसून जेवता येतं. नाहीतर सोडून द्या. ग्योरेमेपासून जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो.

उरलेले दोन दिवस गाइडशिवाय. पाशाबागमध्ये तीन-तीन टोप्या घातलेले सुळके आहेत, वाट सपाट आहे. शेजारच्या झेल्वेत 1952 पर्यंत लोक राहत होते, दगड कोसळायला लागले म्हणून गाव हलवलं. उचहिसारच्या किल्ल्यावर बाबांना नेऊ नका, खालच्या चहाच्या टपरीवरूनही दरी दिसते. 'लव्ह व्हॅली' नावाचा स्पॉट टॅक्सीवाला आवर्जून सुचवेल. तिथल्या सुळक्यांचा आकार असा आहे की सासू-सासऱ्यांबरोबर उभं राहून काय बोलावं ते आम्हाला कळेना. सासरेच म्हणाले, "निसर्ग आहे, चालायचंच," आणि गाडीत जाऊन बसले.

गरम हवेच्या बलूनमधून पहाटे जी सफर करतात तिचं थोडक्यात: ते गाइडच्या हातात नसतं. वारा असेल तर सकाळी उड्डाणाची परवानगीच मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीचं बुकिंग करा, म्हणजे रद्द झालं तर दोन सकाळी हाताशी राहतात. टोपलीत चढताना पाय कमरेएवढा उंच टाकावा लागतो आणि उतरताना गुडघे वाकवून धक्का सोसायचा असतो. बाबांनी गच्चीवरून बघावं, खरंच तितकंच छान दिसतं. पहाटे बोचरी थंडी असते, कानटोपी न्या.

जेवणाचं विचारलं नव्हतंत, पण शाकाहारी असाल तर विचाराल. मसुराचं सूप (मेर्जिमेक चोर्बा) सगळीकडे मिळतं, पण कधी ते मटणाच्या पाण्यात करतात. 'एत्सिझ' म्हणजे 'मांस नाही', हा शब्द पाठ करा, आणि गाइडच्या दिवशी तिलाच स्वयंपाकघरात विचारायला लावा. ग्योझलेमे म्हणजे पालक किंवा चीज भरलेली पातळ पोळी. बायका समोर बसून लाटतात, लाटणं झाडूच्या दांड्याएवढं बारीक. सासूबाईंनी एकीच्या हातातून ते मागून घेतलं आणि दोन लाटून दिल्या. बिलात त्या दोन धरल्या नव्हत्या.