पुण्यातून भाजपचा खासदार २०१४ साली पहिल्यांदा निवडून आला का?

नाही, त्याच्या तेवीस वर्षं आधी, १९९१ साली. तेव्हा अण्णा जोशींनी काँग्रेसच्या विठ्ठलराव गाडगिळांना हरवलं, आणि गाडगीळ त्याआधी सलग तीनदा निवडून आले होते. १९९९ला प्रदीप रावत जिंकले. काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी वेगवेगळ्या लढल्या, त्याचा फायदा झालाच. पुणं काँग्रेसचा बालेकिल्ला होतं हेही अर्धंच खरं. निवडणूक आयोगाचे जुने निकाल चाळले तर १९५७ला प्रजासमाजवादी ना. ग. गोरे दिसतात, १९६७ला एस. एम. जोशी. मोहन धारिया १९७१ला काँग्रेसकडून आणि १९७७ला जनता पक्षाकडून जिंकले. १९९८ची गंमत वेगळीच: सुरेश कलमाडी युतीच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपेंकडून पडले.

एक मात्र धरून चाला. २००८च्या पुनर्रचनेनंतरचा मतदारसंघ जुन्यापेक्षा वेगळा आहे. आता यात कसबा, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी येतात. हडपसरचं मत शिरूरला जातं, खडकवासल्याचं बारामतीला. त्यामुळे १९९१ आणि २०१४च्या मतांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.