कॅलगरीला येताय तर हिटेड मॅटबद्दल जरा सविस्तर

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हेच डोक्यात बसलं, म्हणून जरा लांबडं लिहितोय, निवांत वाच. तू लिहिलंयस की जानेवारीत बायको आणि आईला घेऊन इथं कॅनडात कॅलगरीला येतोय, भाड्याचं घर ठरलंय, दाराला चार काँक्रीटच्या पायऱ्या आहेत आणि तिथनं गाडीपर्यंत वीस फुटांची वाट, कुणीतरी सांगितलं की बाहेर अंथरायच्या इलेक्ट्रिक हिटेड मॅट मिळतात, त्या टाकल्या की बर्फ काढायची भानगडच नाही, तर त्या घ्याव्यात का आणि कोल्हापुरातनं, राजारामपुरीतनंच घेऊन आलं तर स्वस्त पडतील का.

मी मूळचा मंगळवार पेठेतला, इथं हा नववा हिवाळा. माझ्या दारात मॅट आहेत, पाच वर्षं वापरतोय. घे असंच सांगेन, पण त्या कशासाठी आणि कशासाठी नाहीत हे आधी समजून घे, नाहीतर हजारभर डॉलर जातील आणि घसरायचं ते घसरणारच.

माझं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या हिवाळ्यात आई आलेली. तिची आपली सवय, सकाळी उठलं की दारात पाणी मारायचं. मी पहाटेच्या शिफ्टला जायचो, तर पोराच्या पायाखाली बर्फ नको म्हणून ती माझ्या आधी उठली आणि पातेलंभर कढत पाणी पायऱ्यांवर ओतलं. बाहेर उणे १७. वरचा भुसभुशीत बर्फ विरघळला, खालचं काँक्रीट काळं ओलं दिसायला लागलं, तिला वाटलं झालं काम. मी दहा मिनिटांनी बूट घालून बाहेर पाय टाकला तोवर त्या पाण्याची काच झालेली. दुसऱ्या पायरीवर पाय गेला तो थेट खाली, डबा हातातनं सुटून घसरत पार गाडीच्या चाकाला जाऊन लागला, आणि मी वर बघितलं तर आई दारात पातेलं धरून उभी, पातेल्यातनं अजून वाफ येत होती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाताचं एवढं काही वाटलं नाही, पण आईनं ते मनाला लावून घेतलं, पुढं महिनाभर ती दाराबाहेर आली नाही.

त्या दिवशी मला कळलं की ताजा बर्फ माणसाला पाडत नाही, त्यावर पाय रुततो, पकड मिळते. पाडतंय ते बर्फाचं पाणी होऊन परत गोठलेलं. पंचगंगा घाटावर पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय कसा जातो तुला माहिताय, पण तिथं हिरवं दिसतं तरी, इथं नुसतं ओलं काँक्रीट दिसतं आणि ते ओलं नसतंच. ब्लॅक आइस म्हणतात त्याला.

आणि कॅलगरीत हे जास्तच, कारण चिनूक. रॉकी पर्वत उतरून पश्चिमेकडनं गरम कोरडा वारा येतो, सकाळी उणे १५ असलं तर दुपारी अधिक ५ सुद्धा होतं, लोक जॅकेट काढून फिरतात, छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतनं धो धो पाणी वाटेवर येतं, आणि वारा पडला की रात्रीत सगळं गोठतं. एकाच आठवड्यात दोन-तीनदा पण होतंय. आपण पावसाळ्यात जसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, तसं मी इथं फोनवर रोज दोन आकडे बघतो, दुपारचं तापमान शून्याच्या वर आणि रात्रीचं खाली असलं की त्या संध्याकाळी मॅट चालू, आभाळातनं बर्फाचा कण पडणार नसला तरी.

आता मॅट म्हणजे नेमकं काय. जाड रबराची, वरनं खरखरीत, आत हिटिंगची वायर. पायरीची साधारण १० बाय ३० इंच, वाटेची २० बाय ६० इंच म्हणजे पाच फूट लांब. एकमेकींना वॉटरप्रूफ कनेक्टरनं जोडायच्या, पहिलीला पॉवर कॉर्ड, ती बाहेरच्या सॉकेटमध्ये. त्या सॉकेटला किंवा कॉर्डला जीएफसीआय असतं, आपल्याकडच्या ईएलसीबीसारखं, करंट कुठं गळाला की लगेच तुटतंय. ते नसेल तर मॅट लावायचीच नाही, ओल्यात वीज आहे ही.

कोल्हापुरातनं आणू नकोस. आपल्याकडं २३० व्होल्ट, इथं १२०. आपली २३० ची मॅट इथं लावली तर जेमतेम पाव ताकदीनं तापेल, कारण हिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पडते, अर्ध्या व्होल्टेजला अर्धी नाही, पाव. आणि ऑनलाइन कुठलीही स्वस्तातली पण घेऊ नकोस, सीएसए किंवा यूएलसीचा, म्हणजे इथल्या वीज-सुरक्षा तपासणीचा, शिक्का आहे का बघ आणि बाहेर वापरायची आहे असं त्यावर लिहिलेलं बघ, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतील.

मग हिशोब. चौरस फुटाला ४० वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे पायरीची मॅट साधारण ८० वॅट आणि वाटेची ३३० धर. तुझ्या चार पायऱ्या ३२०, आणि वीस फुटांच्या वाटेला चार मॅट १३२०, एकूण १६४० वॅट. १२० व्होल्टवर ते पावणेचौदा अँपिअर होतात. बाहेरचा सॉकेट बहुतेक १५ अँपिअरच्या ब्रेकरवर असतो आणि तासन्‌तास चालणारा लोड त्याच्या ८० टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ च्या आत ठेवायचा असतो. म्हणजे तुझी सगळी वाट एका सॉकेटवर बसत नाही. चार पायऱ्या आणि लागून दोन मॅट घे, ९८० वॅट, सव्वाआठ अँपिअर, आरामात बसतंय. उरलेले दहा फूट फावडं आणि खडी. एक्स्टेन्शन कॉर्ड लावून लांबवत जाऊ नकोस, मी पहिल्या वर्षी बघून घेतलंय, कॉर्ड गरम होते.

अजून एक, हे तुला दुकानात कुणी सांगणार नाही. इथं थंडीत गाडीचं इंजिन उबदार ठेवायला ब्लॉक हिटर असतो, रात्री गाडी पण प्लगला लावायची, आणि तो प्लग बऱ्याच घरात त्याच ब्रेकरवर असतो ज्यावर तुझी मॅट. एका कडाक्याच्या रात्री माझं दोन्ही चालू होतं, ब्रेकर पडला, मला झोपेत पत्ता नाही, सकाळी गाडी सुरू होईना आणि पायऱ्या गोठलेल्या, दोन्ही एकदम. तेव्हा घरमालकाला आत्ताच विचारून ठेव, बाहेर सॉकेट किती, कुठले कुठल्या ब्रेकरवर, आणि मॅट लावायला त्याची हरकत नाही ना. लेखी घे.

विजेचं म्हणशील तर, दहा सेंटीमीटर ताजा बर्फ एक चौरस मीटरवर पडला की तो साधारण दहा किलो भरतो, नुसता वितळवायलाच जवळजवळ एक युनिट लागतं, आणि हवेत, जमिनीत वाया जाते ती ऊष्णता वेगळी. माझ्या तीन पायऱ्या आणि दोन वाटेच्या मिळून ९०० वॅट, दिवसरात्र चालू ठेवल्या तर साडेएकवीस युनिट. सगळे चार्जेस धरून युनिटला २० सेंट पकडले तर दिवसाचे सव्वाचार डॉलर. म्हणून थर्मोस्टॅट लावून विसरून जाऊ नकोस, तो शून्याच्या आसपास चालू होतो आणि इथं नोव्हेंबर ते मार्च बहुतेक वेळ तापमान शून्याखालीच असतं, कोरड्या स्वच्छ उन्हात पण मॅट उगाच जळत राहते. आउटडोअरचा स्मार्ट प्लग घे, १५ अँपिअरचा, अंथरुणातनं फोनवर चालू-बंद कर. माझे महिन्यातले आठ-दहा दिवसच लागतात.

चालू मात्र बर्फ सुरू व्हायच्या आधी करायची, तासभर तरी आधी. वीतभर साचल्यावर चालू केलीस तर खालचा थर वितळून मॅट आणि बर्फामध्ये पोकळी होते, वर बर्फाचं छप्पर तसंच राहतं, पाय टाकला की आत जातो. अशा वेळी आधी प्लॅस्टिकच्या फावड्यानं वरचं काढायचं, लोखंडी धारेचं वापरायचं नाही, रबर फाटलं की मॅट संपली. आणि उणे २५ च्या खाली वारा असला तर मॅटची ताकदच पुरत नाही, वरचा भाग जेमतेम शून्याला येतो आणि अर्धवट ओलं होऊन बसतंय. मी त्या दिवसांत बंदच ठेवतो. तेवढ्या थंडीत बर्फ कोरडा पिठासारखा असतो, झाडूनं निघतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मॅटवरचं पाणी जातंय कुठं ते बघ. पहिल्या वर्षी माझ्या पायऱ्या स्वच्छ काळ्या, मी खूश, आणि शेवटच्या पायरीखाली जिथं मॅट संपते तिथं वरचं सगळं पाणी उतरून परातीएवढा गुळगुळीत बर्फ झालेला. टपाल टाकायला येणारी बाई तिथंच घसरली, सुदैवानं कठडा हातात आला. माणूस पायरीवर जपून चालतो आणि खाली उतरला की निर्धास्त होतो, नेमकं तिथंच. मग मी वाटेच्या दोन मॅट वाढवल्या, शेवट हिरवळीच्या कडेला उताराकडं नेला म्हणजे पाणी मातीत जातं, आणि छपराच्या पन्हाळीचा पाइप जो वाटेवरच ओकत होता त्याला लांब तुकडा जोडून बागेकडं वळवला. त्या पाइपच्या तुकड्याला वीसेक डॉलर लागले आणि खरं सांगतो, निम्मं काम त्यानंच केलं. घर बघायला गेलास की पहिल्यांदा पन्हाळ कुठं उतरते ते बघ.

मीठ सांगतील लोक. साधं खडेमीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, वर काँक्रीट खातं आणि गवत जाळतं. सिटीनं ठिकठिकाणी वाळू-खडी फुकट ठेवलेली असते, बादली भरून आण, दाराशी ठेव, मुठीनं फेकायची, तापमान काहीही असो पकड देतेच.

घरासमोरचा सार्वजनिक फुटपाथ पण तुझ्याच जबाबदारीत येतो हे धरून चल, भाडेकरू का मालक कुणी काढायचा ते करारात बघ. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत काँक्रीट दिसेपर्यंत साफ करावा लागतो, नाहीतर दंड, २५० डॉलरपासून. तिथं मॅट टाकायची नाही, कुणी अडखळेल. तिथं फावडंच.

काँक्रीटच्या पोटात वायर किंवा गरम पाण्याचे पाइप घालायची पण पद्धत आहे, मिशिगनमधल्या हॉलंड गावानं १९८८ पासून वीजकेंद्राची वाया जाणारी ऊष्णता वापरून बाजारातले रस्ते-फुटपाथ असेच मोकळे ठेवलेत, पण भाड्याच्या घरात तो विषय नाही.

तू जानेवारीत येतोयस म्हणजे जमीन आधीच गोठलेली असणार. बर्फावर मॅट अंथरू नकोस, ती सरकते. एखादा चिनूकचा दिवस येऊ दे, काँक्रीट खरवडून कोरडं कर, मॅट आदल्या रात्री घरात उबेत ठेव म्हणजे रबर मऊ राहतं, मग पसर. तोवरच्या दिवसांसाठी काकूंना बुटावर चढवायचे आइस क्लीट्स, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, घे, घरात येताना काढायचे, फरशीवर ते उलटे घसरतात. कठडा हलत नाही ना हे हातानं जोरात हलवून बघ. साडी नेसणार असतील तर घोट्याच्या वर नेसायला सांग, काठ ओला झाला की कडक होऊन पायात येतो. कोल्हापुरी चप्पल घरातच.

आणि पहिल्याच दिवशी त्यांना प्रेमानं सांगून ठेव की दारात पाणी मारायचं नाही, गरम तर अजिबात नाही. माझी आई आता दाराच्या आत पायपुसण्याशेजारी रांगोळी काढते आणि बाहेर खडीची मूठ टाकते.

घराचे फोटो पाठव, बाहेरचा सॉकेट, पायऱ्यांची रुंदी आणि पन्हाळीचा पाइप तिन्ही दिसतील असे. किती मॅट लागतील ते मी मोजून सांगतो.