गावात चर्चागट सुरू करायचा आहे, पण दोन-तीन बैठकांतच भांडणं होऊन तो बंद पडू नये यासाठी काय करावं?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची पद्धत जरूर समजून घ्या. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात ज्याला रस आहे तो बसतो, विषय खोदून काढतो, गरज पडली तर बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात. पण निर्णय तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशाच अभ्यासाचा पाया होता.

माझ्या मते निर्णयाचं ओझं काढलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. हरण्या-जिंकण्यासारखं काही उरत नाही, मग माणूस मोकळेपणाने शंका विचारतो.

बाकी वार आणि जागा ठरलेली हवी. मंदिर किंवा शाळेचा व्हरांडा चालेल, पुढाऱ्याची ओसरी नको, तिथे लोक जपून बोलतात. एका बैठकीला एकच विषय घ्या आणि कागद समोर ठेवा. पाणीपट्टीवर बोलायचं तर पावती आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च हातात हवा, नाहीतर ऐकीव गोष्टींवरच तास जातो. सूत्रधार दर वेळी बदला. बायका मागे बसत असतील तर बोलण्याची सुरुवात त्यांच्यापासून करा, शेवटी विचारलं तर "सगळं बोलून झालंय" एवढंच उत्तर मिळतं. वहीत काय ठरलं यापेक्षा कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आणि त्याची माहिती कोण आणणार, ते नावासकट लिहा; पुढची बैठक तिथूनच सुरू होते.