बोटुकली ओतून मोठा महसीर येतो का?

आमच्या नीरा नदीत पूर्वी पंधरा-वीस किलोचे महसीर मासे निघायचे, असं म्हातारे सांगतात. वर्गणी काढून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडली तर ते परत येतील? (भोर)

वर्गणी जरा थांबवा, आधी कावेरीची गोष्ट ऐका. 1946 मध्ये कावेरीची उपनदी काबिनी, तिच्यात 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोचा महसीर गळाला लागला. तो नारिंगी परांचा, कुबडवाला, फक्त कावेरी खोऱ्यातला. पुढे लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात तयार झालेली आपल्याकडच्या निळ्या परांच्या महसीरची बोटुकली तिकडे सोडली गेली. गळाला मासे जास्त लागू लागले, सगळे खूश! पण पकडून सोडलेल्या माशांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कळलं की वाढले ते पाहुणे. कुबडवाल्याची नवी पिढी जवळपास दिसेनाशी झाली होती. 2018 मध्ये त्याची 'टॉर रेमादेवी' अशी शास्त्रीय ओळख पटली आणि लगेच 'अतिसंकटग्रस्त' असा शिक्काही बसला. बारसं झालं तेव्हा बाळ आयसीयूत! सगळा दोष बोटुकलींचा नाही म्हणा. धरणं, वाळूउपसा आणि मासे मारायला लावलेले सुरुंगही आहेत.

तुमच्याकडे निळ्या परांचा महसीर मूळचाच. ब्रिटिश अधिकारी साइक्सने 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पण बीज कुठल्या खोऱ्यातलं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात वर चढायला वाट नसेल, अंडी घालायला गोट्यांचा तळ उरला नसेल, तर सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

इथे वॉलआय मासे धरले तर 20 इंचांवरचा एकच ठेवता येतो. मोठा सोडायचा आणि छोटा खायचा, हे उलटं नाही का? (मिनेसोटा)

सुलटंच आहे. मोठा वॉलआय म्हणजे बहुतेक वेळा मादी, आणि ती एका हंगामात लाखांनी अंडी घालते. ती ताटात गेली तर पुढचे मोठे मासे कुठून येणार? महसीरचं गणित याहून नाजूक. रोहू किलोमागे दोनेक लाख अंडी देते, महसीर काही हजार. म्हणून माझ्या मते महसीर छोटासुद्धा खाऊ नये. महाडजवळच्या वाळणकोंडीत तो देवाचा मासा, कुणी हात लावत नाही. तिथले मासे एकदा बघून या.

फोटो काढून लगेच सोडतो. चालतं ना? (सातारा)

'लगेच' म्हणजे किती? मीही एकदा मोठी मादी कल्ल्यापाशी धरून उभी उचलली, तीन फोटो काढले आणि सोडली. वीस पावलांवर ती पोट वर करून वाहत गेली. तेव्हापासून गळाची उलटी दातरी आधीच पकडीने चेपतो, हात ओले करतो आणि मासा पाण्यातच आडवा ठेवतो. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीपाशी हलकेच धरायचं. तो स्वतः झटका देऊन निसटेपर्यंत हात काढायचा नाही.