उत्तर: नेमसर्व्हर बदलल्यापासून मेल येत नाहीयेत, ४८ तास थांबू का?

थांबू नका. खालचं सगळं सावकाश वाचा, पण आधी एक काम करा, नव्या नेमसर्व्हरला (डोमेनच्या नोंदी सांगणारा सर्व्हर) थेट विचारा की या डोमेनचा एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ती नोंद) काय आहे. टर्मिनलमध्ये डिग ही कमांड, मग एमएक्स, मग डोमेनचं नाव आणि शेवटी अ‍ॅटचं चिन्ह लावून नेमसर्व्हरचं नाव. विंडोजवर एनएसलुकअपनेही होतं. उत्तर रिकामं आलं, किंवा मेल दुसऱ्या कंपनीकडे असूनही उत्तरात तुमच्या वेब सर्व्हरचंच नाव आलं, तर ४८ तास काय आणि ४८ दिवस काय. जी नोंद कुणी केलीच नाही ती पसरणार कुठून?

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. शुक्रवारी क्लायंटची साइट नव्या होस्टिंगवर नेली, त्यांनी सांगितले तसे नेमसर्व्हर बदलले, साइट झकास उघडतेय, सोमवारी क्लायंटचा फोन की मेल बंद आहेत, आणि सपोर्टवाले म्हणतायत प्रोपगेशन (बदल जगभर पसरणं) चालू आहे, वाट बघा. माझंही जवळपास हेच झालं होतं, तेही शुक्रवारीच. (शुक्रवारी संध्याकाळी असली कामं का करतो आपण, देव जाणे.)

साइट कशी हलवायची, बॅकअप, डेटाबेस वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला येतंच आहे. माझं घोडं जिथे अडलं तेवढंच सांगते.

माझ्या क्लायंटची मेल दुसऱ्याच कंपनीकडे होती आणि हलवायची होती फक्त वेबसाइट. म्हणजे खरं काम काय, एक ए रेकॉर्ड (वेबसाइट कुठल्या आयपीवर आहे ती नोंद) बदलायचा, फार तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा अजून एक, झालं. पण नव्या होस्टिंगच्या वेलकम मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की तुमच्या डोमेनला हे दोन नेमसर्व्हर लावा, आणि मी आज्ञाधारक मुलीसारखे लावले. नेमसर्व्हर बदलला की पत्त्यांची अख्खी वहीच बदलते हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. जुन्या वहीत एमएक्स, एसपीएफ आणि डीकिम (मेल खरंच आपल्याकडून गेलाय हे पटवणाऱ्या नोंदी), कुठल्या कुठल्या सेवांसाठी टाकलेल्या व्हेरिफिकेशनच्या टीएक्सटी नोंदी असं वर्षानुवर्षं साचलेलं होतं. नव्या वहीत होस्टिंगच्या पॅनेलने आपणहून टाकलेल्या चारदोन ओळी, आणि त्यातला एमएक्स चक्क त्याच वेब सर्व्हरकडे बोट दाखवणारा.

आता गंमत बघा. तो सर्व्हर बंद असता तर परवडलं असतं. कारण समोरचा मेल सर्व्हर कनेक्ट होऊ शकला नाही तर मेल लगेच फेकून देत नाही, रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो, एसएमटीपीच्या (मेल पोचवायच्या पद्धतीच्या) स्टँडर्डमध्येच निदान ४-५ दिवस प्रयत्न करावा असं म्हटलंय. म्हणजे आपण मंगळवारी दुरुस्त केलं असतं तरी बरेचसे मेल आपोआप आले असते. पण माझा नवा सर्व्हर जागा होता आणि आगाऊ होता. त्याला वाटलं हे डोमेन माझंच, मग त्याने आपल्याकडची यादी बघितली, त्यात क्लायंटचे मेलबॉक्स नव्हतेच, आणि त्याने प्रत्येकाला ५५० सांगून परत पाठवलं, असा कोणी इथे राहत नाही. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, पुन्हा प्रयत्न नाही. (४ ने सुरू होणारा असेल तर तात्पुरता, तेव्हा जीव भांड्यात पडू द्या.) अडीच दिवस क्लायंटच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळत होतं की हा पत्ता अस्तित्वातच नाही, आणि क्लायंटला मात्र काहीच कळत नव्हतं, कारण न आलेला मेल दिसत नाही. त्यात एका मोठ्या ऑर्डरचं कन्फर्मेशन होतं. ती ऑर्डर गेली. पुढे तो क्लायंटही गेला, आणि मी त्याला दोष देत नाही.

बरं, एमएक्सच नसेल तरीही सुटका नाही. एमएक्स सापडला नाही तर पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या ए रेकॉर्डवर, म्हणजे वेब सर्व्हरवरच जाऊन धडकतो. तिथे मेलचं सॉफ्टवेअर चालू असेल तर परत तीच कथा. म्हणून तुमच्याकडे आधी हे करा: नव्या सर्व्हरवर मेल सेवा तात्पुरती बंद करता येत असेल तर करा, निदान ५५० जाणं तरी थांबेल. शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) असेल तर बंद करता येणार नाही, मग थेट एमएक्सच दुरुस्त करा. आणि पॅनेलमध्ये ईमेल राउटिंग नावाचं पान शोधून या डोमेनसाठी लोकलचं रिमोट करा, म्हणजे मेल दुसरीकडे आहे हे त्या सर्व्हरला कळेल. हे एमएक्स दुरुस्त केल्यावरही लागतंच. नाहीतर जगातून मेल येतील आणि तुमच्या साइटच्या कॉन्टॅक्ट फॉर्मचे तेवढे येणार नाहीत, कारण तो सर्व्हर ते स्वतःकडेच पोचवायला बघेल. हे मला नंतर दोन आठवड्यांनी कळलं.

आता सपोर्टबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तीन तिकिटं टाकली, एकदा चॅटवर ५० मिनिटं बसले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी तोच परिच्छेद, प्रोपगेशनला २४ ते ४८ तास लागतात, कृपया ब्राउझरची कॅशे क्लिअर करा. अहो, मेलचा आणि ब्राउझरच्या कॅशेचा काय संबंध! मी लिहिलं की तुमच्याच झोनमध्ये, म्हणजे त्या वहीत, एमएक्स चुकीचा आहे का बघा, तर उत्तर आलं, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, आणि तिकीट क्लोज. वर किती स्टार द्याल म्हणून मेल. तो मेल मात्र बरोबर पोचला. पण खरं सांगायचं तर राग माझ्यावरच आहे. ४८ तास हा आकडा ऐकून मला बरं वाटलं होतं, म्हणजे आता माझ्या हातात काही नाही, असं वाटून मी शनिवारी रात्री झोपलेसुद्धा.

हा ४८ चा आकडा अगदीच हवेतला नाहीये. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर तुमचे नेमसर्व्हर कोणते ही नोंद १७२८०० सेकंदांच्या टीटीएलने (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. ज्या रिझॉल्व्हरने (आपल्यासाठी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तुम्ही बदल करण्याच्या मिनिटभर आधी ती नोंद वाचली तो दोन दिवस जुन्याच वहीत बघू शकतो. पसरत काही नाही, जुनी कॅशे संपत जाते एवढंच. आणि म्हणूनच हिशोब करता येतो. नेमसर्व्हर तसेच ठेवून फक्त ए रेकॉर्ड बदलला असता, आणि आदल्या दिवशी त्याचा टीटीएल ३०० वर आणून ठेवला असता, तर बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत काम झालं असतं आणि चुकलं असतं तर पाच मिनिटांत परतही फिरवता आलं असतं. टीटीएल कमी करायचा तो जुना टीटीएल संपेल इतका आधी, हे विसरू नका. ८६४०० असेल तर निदान एक दिवस आधी. बदलाच्या क्षणी कमी करून काही मिळत नाही, जुनी कॅशे ज्यांच्याकडे आहे त्यांना तुमचा नवा आकडा दिसतच नाही.

दुरुस्तीला लागा तेव्हा जुन्या नेमसर्व्हरलाही तोच प्रश्न थेट विचारा. जुनं होस्टिंग अजून बंद केलं नसेल तर (केलं नसेल अशी आशा आहे, महिनाभर तरी करूच नका) तो बहुधा अजून उत्तर देतो. मी रविवारी रात्री अकराला हे केलं. वरच्या विंडोत नवा, खालच्या विंडोत जुना. वर एक ओळ, आमचाच सर्व्हर. खाली दोन ओळी, १० आणि २० प्रायॉरिटीच्या, मेल कंपनीच्या. दोन दिवस ज्याची वाट बघत होते ते हे एवढंच. वीस मिनिटांत नोंदी भरून झाल्या.

पण त्या वीस मिनिटांत मी अजून एक घाण केली. एमएक्स आणि एसपीएफ उचलले आणि डीकिम राहिला. बाहेरून अख्खा झोन कुणी दाखवत नाही, सगळं दे म्हणून एनी क्वेरी मारली तरी आजकाल बरेच सर्व्हर जेमतेम काहीतरी देतात, आणि डीकिमची नोंद असते सिलेक्टरच्या नावाखाली. ते नाव माहीत नसेल तर विचारणार काय? जुन्या पॅनेलमध्ये शिरता आलं तर झोन एक्सपोर्ट करा, उत्तम. नाही तर युक्ती सांगते: त्या डोमेनवरून पूर्वी गेलेला, समोरच्याला मिळालेला कुठलाही मेल उघडा, ओरिजिनल सोर्स बघा, त्यात डीकिम-सिग्नेचरची ओळ असते, त्यात एस= च्या पुढे जे लिहिलंय तोच सिलेक्टर. मग अंडरस्कोर डोमेनकी लावून जुन्या नेमसर्व्हरला विचारा. हे मी नंतर शिकले, तोवर क्लायंटचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडत होते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू याबाबतीत अजून कडक झालेत, त्यामुळे तुम्हाला माझ्याइतकी सवलतही मिळणार नाही. एसपीएफ मात्र एकच ठेवा. पॅनेलने टाकलेला एक आणि तुम्ही आणलेला दुसरा असे दोन झाले तर तो एररच धरला जातो, दोन्ही एकात जोडायचे.

नोंद भरल्यावर लगेच दिसली नाही तर घाबरू नका. नाही हे उत्तरसुद्धा कॅशे होतं, किती वेळ ते झोनच्या एसओए नावाच्या नोंदीतला शेवटचा आकडा ठरवतो. म्हणूनच नोंद करायच्या आधी दर मिनिटाला आली का, आली का करत तपासू नका, आपण आपल्याच रिझॉल्व्हरला नाही पाठ करून देतो. ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन सार्वजनिक रिझॉल्व्हरांचीही कॅशे पुसायला सार्वजनिक पानं आहेत, गूगल आणि क्लाउडफ्लेअरची, तिथे डोमेन टाकून फ्लश करा.

आणि परत आलेले मेल? ते गेले, ते काही आणता येत नाहीत. क्लायंटला स्पष्ट सांगा आणि अमुक ते अमुक काळात मेल पाठवला असेल तर पुन्हा पाठवा, असं साइटवर लावायला सांगा. मी हे एक दिवस लपवलं, तो दिवस ऑर्डरपेक्षा महाग पडला. नव्या सर्व्हरवरच्या डीफॉल्ट मेलबॉक्समध्ये मात्र एकदा डोकावून या, कॅच-ऑल (कुठल्याही नावाचा मेल ठेवून घेणारी सोय) चालू असेल तर काही तिथे पडलेले सापडतील.

काहींना अजून जुनी साइट दिसतेय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. साइटवर फॉर्म किंवा ऑर्डर असतील तर जुनी साइट आत्ताच मेंटेनन्सवर टाका, किंवा जुन्या सर्व्हरवरून नव्याकडे प्रॉक्सी करा (आलेली विनंती नव्याकडे वळवा). दोन डेटाबेसमध्ये नोंदी वाटल्या गेल्या की त्या जुळवत बसणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं आहे. आणि तुमच्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (त्या लॅपटॉपपुरते पत्ते असतात ती) टेस्टिंगसाठी टाकलेली ओळ काढलीत का? माझी तशीच राहिली होती. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला पत्ता भलत्याच आयपीवर जात होता आणि मी दीड दिवस छातीठोकपणे सांगत होते की माझ्याकडे चालतंय. मोबाइलचं वायफाय बंद करून बघा, ते जास्त खरं.

अजून दोन आठवलं म्हणून. डीएनएससेक (डोमेनच्या नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडचा, म्हणजे डोमेन घेतलंत त्या कंपनीकडचा, डीएस रेकॉर्ड (त्या सहीची नोंद) काढून त्याचा टीटीएल संपू द्यावा लागतो, नाहीतर निम्म्या लोकांना साइट दिसते आणि निम्म्यांना सर्व्हफेल ही एरर, वेड लागतं. आणि क्लाउडफ्लेअरवर जाणार असाल तर मेलच्या होस्टनेमवर नारिंगी ढग लावू नका, ती प्रॉक्सी साध्या प्लॅनमध्ये वेबपुरती आहे, एसएमटीपी त्यातून जात नाही.

मी मेल अ‍ॅडमिन नाही, हात पोळलेली वेब डेव्हलपर आहे, तेव्हा तुमची मेल सेवा काय सांगते तेही वाचून घ्या, त्यांच्या नोंदी माझ्या आठवणीपेक्षा बरोबर असतील. बॅकअप न घेता झोन बिघडवून माझ्या नावाने खडे फोडू नका म्हणजे झालं.

जुन्या आणि नव्या नेमसर्व्हरने एमएक्सला काय उत्तर दिलं ते दोन्ही इथे चिकटवा, डीएनएसमधलं सगळं तसंही सार्वजनिक असतं त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. सोबत एखादा परत आलेला मेल असेल तर त्यातली ५५० ची पूर्ण ओळही द्या, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून. ती ओळ कुठल्या सर्व्हरने लिहिली ते नाव त्यात असतं, त्यावरून लगेच कळेल.